हवेचा दाब : कुठला आणि कशापेक्षा?

काही शब्द सगळ्यांच्या तोंडात असतात, पण प्रत्येकाच्या मनात त्यांचा अर्थ निराळा असतो. 'दाब' हा त्यांतलाच एक शब्द. रेडिओवर हवामानाची बातमी लागते, 'बंगालच्या उपसागरात कमी दाबाचे क्षेत्र तयार झाले आहे.' पंक्चरवाला चाकाला काटा लावतो आणि म्हणतो, "दाब कमी आहे, हवा भरा." डॉक्टर दंडाला पट्टा गुंडाळतात, रबरी फुगा दाबून त्यात हवा भरतात आणि सांगतात, "दाब वाढलाय, मीठ कमी करा." विहिरीवर मोटर दुरुस्त करणारा येतो तो म्हणतो, "हवा धरलीय, पाणी ओढत नाही." चौघांच्याही बोलण्यात हवा आहे आणि दाब आहे. पण चौघांचे बोलणे एक नाही.

आमच्या रात्रीच्या वर्गात एकदा हवामानाची बातमी मोठ्याने वाचायला दिली होती. 'कमी दाबाचे क्षेत्र अधिक तीव्र झाले' हे वाक्य आले. तेव्हा एक वयस्क गृहस्थ म्हणाले, "गुरुजी, दाब कमी झाला ते बरंच झालं की! माझा कमी झाला तेव्हा डॉक्टर खूश झाले होते." सारा वर्ग हसला. पण हसण्याजोगे त्यात काही नव्हते. 'कमी' हा शब्द कानाला सुखाचा लागतो. भाव कमी झाला, ताप कमी झाला, दुखणे कमी झाले. मग दाब कमी झाला तर भ्यायचे कशाला? आमच्या गावात हे बोलणे हसण्यावारी गेले. समुद्राकाठच्या गावात असाच समज करून कुणी होडी पाण्यात लोटली, तर ती परत येईलच असे नाही.

म्हणून हा शब्द आपण मुळापासून पाहू.

हवा दिसत नाही, पण हवेला वजन आहे. आपल्या डोक्यावर अनेक मैल उंच हवेचा थर आहे. त्या सगळ्या थराचे ओझे खालच्या वस्तूंवर पडते. हे ओझे म्हणजेच हवेचा दाब. तो किती? समुद्रकाठी एक सेंटिमीटर लांब आणि एक सेंटिमीटर रुंद एवढ्याशा जागेवर सुमारे 1 किलो. आपला हाताचा पंजा बोटांसकट साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर भरतो. म्हणजे त्यावर दीड क्विंटल ओझे झाले! मग हात पिचत कसा नाही? कारण हवा नुसती वरून दाबत नाही. ती खालून, बाजूंनी, सगळीकडून सारखीच दाबते. आपल्या शरीराच्या आतही तेवढाच दाब असतो. दोन्ही बाजू सारख्या, म्हणून आपल्याला काही जाणवत नाही.

खरे वाटत नसेल तर करून पाहा. पेला काठोकाठ पाण्याने भरा. त्यावर जाड गुळगुळीत कार्ड ठेवा. कार्डाला हात लावून पेला उलटा करा आणि मग कार्डाचा हात हळूच काढा. पाणी पडत नाही. कार्डाला खालून कोण धरून ठेवते? हवा. (पहिल्या खेपेला हे अंगणातच करावे. घरात केले तर घरची मंडळी बोलतील.)

हे ओझे मोजायची युक्ती टॉरिचेल्ली नावाच्या इटलीतल्या पंडिताने 1643-44 च्या सुमारास काढली. एका टोकाला बंद असलेली काचेची लांब नळी त्याने पाऱ्याने भरली आणि पाऱ्याच्या भांड्यात उलटी उभी केली. नळीतला पारा थोडा खाली आला आणि सुमारे 76 सेंटिमीटर उंचीवर थांबला. भांड्यातल्या पाऱ्यावर बाहेरची हवा जेवढा भार देते, तेवढ्याच उंचीचा पारा नळीत तोलून राहतो. पुढे 1648 साली फ्रान्समध्ये पास्कल या पंडिताने आपल्या मेहुण्याला अशी नळी घेऊन डोंगरावर पाठवले. वर गेल्यावर पारा आणखी खाली उतरला. उंच जावे तसा डोक्यावरचा हवेचा थर कमी, म्हणून दाबही कमी. इतके साधे आहे ते.

आता विहिरीकडे येऊ. शेतकऱ्याचा पैसा इथे अडकतो, म्हणून जरा थांबून पाहू.

आपण म्हणतो, पंप पाणी ओढतो. खरे म्हणजे पंपाला पाणी ओढता येतच नाही. आपण शहाळ्याचे पाणी नळीने पितो तेव्हा काय करतो? नळीतली हवा तोंडात घेतो. नळीतला दाब कमी होतो. शहाळ्यातल्या पाण्यावर बाहेरच्या हवेचा दाब पूर्ण असतो, तो पाण्याला नळीतून वर ढकलतो. विहिरीवरचा पंप हेच करतो. तो सक्शन पाइपातला दाब कमी करतो. पाणी वर चढवते ती बाहेरची हवा.

पण हवेच्या अंगात बळ किती? दर चौरस सेंटिमीटरला 1 किलो. एवढ्या बळावर पाण्याचा सुमारे 10 मीटर उंच खांब तोलतो, त्याहून वर नाही. पंप कितीही भारी आणा, वरच्या जागेवरून त्याला याहून खोल पाणी उचलता येणार नाही. ही गोष्ट प्रथम पंडितांच्या ध्यानात आली नाही, ती कारागिरांच्या ध्यानात आली. गॅलिलिओने 1638 साली छापलेल्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे, की एका ठरावीक उंचीपलीकडे पंप पाणी चढवत नाही ही गोष्ट कारागिराच्या तोंडून कळली. आम्हाला ही हकिगत फार आवडते. हाताने काम करणाऱ्याच्या अनुभवातून केवढे शास्त्र निघाले!

ही 10 मीटरची गोष्ट झाली हिशेबातली. प्रत्यक्षात पाइपाचे घर्षण असते, सांधे थोडे गळके असतात, आणि आपले देशावरचे गाव समुद्रापेक्षा उंच असल्याने हवेचा दाबही थोडा कमी असतो. म्हणून पाण्याची पातळी पंपापासून 20 ते 22 फुटांच्या आत असेल तरच भरवसा धरावा. विहिरीची खोली परसांवर सांगू नका. दोरीला दगड बांधून पाण्यापर्यंत फुटांत मोजा, आणि ती चैत्र-वैशाखात मोजा, श्रावणात नव्हे.

उन्हाळ्यात पाणी खाली गेले की पंप पाणी सोडतो. मग शेतकरी काय करतो? तीनची मोटर काढून पाचची बसवतो. कर्ज काढून बसवतो. आणि पाणी येत नाही. असे खर्च केलेले लोक आम्ही पाहिले आहेत. त्यांना कुणी एवढेच सांगायला हवे होते, की मोटरची ताकद पाणी वर ढकलायला कामाला येते, खालून उचलायला नाही. उचलण्याचे काम हवेचे आहे, आणि हवेची ताकद विकत मिळत नाही. उपाय दोन. पंप विहिरीत ओटा बांधून पाण्याच्या जवळ खाली उतरवा. नाहीतर पाण्यात बुडून राहणारा पंप घ्या. तो खालून ढकलतो, त्याला हे 10 मीटरचे बंधन नाही.

गावातला सरकारी हातपंप पुष्कळ खोलवरून पाणी कसा काढतो, हा प्रश्न इथे कुणीतरी विचारणारच. उत्तर तेच. त्याचा दट्ट्या वर दांड्यापाशी नसतो, खाली पाण्यात असतो. 'इंडिया मार्क दोन' नावाचा हा हातपंप 1970 च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला आणि देशभर पसरला. त्याचे मूळ आपल्या सोलापुरात बनलेल्या हातपंपात आहे.

आणि 'हवा धरली' म्हणजे काय? सक्शन पाइपाच्या आत दाब बाहेरच्यापेक्षा कमी असतो. सांध्याला बारीक फट असली तर पाणी बाहेर गळत नाही, उलट बाहेरची हवा आत शिरते. म्हणून ही गळती डोळ्यांना दिसत नाही. पाइप कोरडा दिसतो आणि आपण म्हणतो, सांधा चांगला आहे. पंप चालू असताना सांध्यावर साबणाचे दाट पाणी लावावे. जिथे ते आत ओढले जाईल तिथे फट. मात्र मोटरवर आणि तारांवर पाण्याचा थेंब जाऊ देऊ नये.

चाकाच्या दाबाचा अर्थ निराळा. चाक पंक्चर होऊन बसले, पंक्चरवाल्याने काटा लावला, काटा शून्यावर. मग त्या ट्यूबमध्ये हवा नाही का? आहे! बाहेर जेवढ्या दाबाची हवा आहे तेवढ्याच दाबाची आतही आहे. म्हणून ती गाडीला उचलून धरू शकत नाही. पंक्चरवाल्याच्या काट्याचे शून्य म्हणजे 'बाहेरच्या इतकी'. तो 30 दाखवतो तेव्हा अर्थ असा, की बाहेरच्यापेक्षा 30 जास्त.

हे 30 कशाचे? लोक त्याला 'पॉइंट' म्हणतात. तो एक चौरस इंचावर पौंडांचा हिशेब आहे. काही काट्यांवर दुसरे आकडे किलोचे असतात. 1 किलो म्हणजे सुमारे 14 पॉइंट. तेव्हा '2' वर काटा आला तर तो किलोचा 2 आहे की पॉइंटांचा, हे आधी पाहावे. (दोन किलो म्हणजे चाकात दोन किलो वजनाची हवा भरली, असे समजणारेही भेटतात. तसे नव्हे. एका चौरस सेंटिमीटरवर दोन किलोचा जोर, असा त्याचा अर्थ.) ट्रॅक्टरच्या मागच्या मोठ्या चाकात शेतकामाला साधारण 12 ते 16 पॉइंट पुरतात. भरलेल्या ट्रॉलीच्या चाकाला त्याच्या कितीतरी पट लागतात. दोन्हीत सारखीच हवा भरून घेणारा माणूस एक तर रान तुडवून घट्ट करतो, नाहीतर ट्रॉलीचे टायर फाडून घेतो. गाडीच्या पुस्तकात आकडा छापलेला असतो. आता वाचता येते, तर तो वाचावा.

एक गंमत सांगतो. पोलादपुराहून महाबळेश्वरचा घाट चढताना वेफर्सची बंद पिशवी पिशवीत ठेवा. वर पोहोचेपर्यंत ती टम्म फुगते. आत कुणी हवा भरली? कुणीच नाही. बाहेरची हवा विरळ झाली. खालच्या आणि वरच्या दाबात सुमारे दोन पॉइंटांचा फरक पडतो.

डॉक्टरांचा दाबही बाहेरच्या हवेपासूनच मोजला जातो. 120 म्हणजे बाहेरच्या हवेपेक्षा 120 मिलिमीटर पाऱ्याइतका जास्त. दंडाच्या पट्ट्यातली हवा हे मोजण्याचे साधन. दाब मात्र रक्ताचा. वाढला तर वाईट, फार उतरला तरी वाईट. त्याविषयी डॉक्टरांनाच विचारावे.

उरला रेडिओवरचा दाब. हवामानवाले बाहेरच्या हवेचाच दाब मोजतात, सगळा, अगदी खऱ्या शून्यापासून. त्यांचे माप मिलिबार. हल्ली त्यालाच हेक्टोपास्कल म्हणतात; आकडा तोच राहतो. समुद्रकाठी हा आकडा साधारण 1013 च्या आसपास असतो. आपल्या देशाचे हवामान खाते 1875 साली सुरू झाले. त्याची मुख्य कचेरी 1928 साली सिमल्याहून पुण्यास आली. पुण्यातल्या त्या दगडी इमारतीला लोक अजून 'सिमला ऑफिस' म्हणतात.

आता एक कोडे. 29 ऑक्टोबर 1999 रोजी ओडिशाच्या किनाऱ्यावर महाचक्रीवादळ आदळले. सुमारे दहा हजार माणसे गेली. त्या वादळाच्या मध्यभागी दाब सुमारे 912 मिलिबारपर्यंत उतरला असावा, असा शास्त्रज्ञांचा अंदाज आहे. आणि आपल्या महाबळेश्वरला? तिथे रोजचा दाब साधारण 865. वादळापेक्षाही कमी! मग महाबळेश्वरला रोज वादळ का होत नाही? लोक तर तिथे थंड हवा खायला जातात.

या कोड्यातच सारे मर्म आहे. दाब नुसता कमी असून काही होत नाही. तो शेजाऱ्यापेक्षा कमी असावा लागतो, आणि तोही एकाच उंचीवर. महाबळेश्वरच्या उंचीवर आसपास सगळीकडे हवेचा दाब तितकाच असतो. हवेने कुठून कुठे धावायचे? पाणी उंच डबक्यात असले तरी बांध समतल असला की वाहत नाही, तसे हे आहे. म्हणून हवामानवाले उंचावरच्या गावांचे आकडे आधी हिशेबाने समुद्रसपाटीचे करून घेतात आणि मगच नकाशावर मांडतात. तसे केले नाही, तर नकाशावर प्रत्येक डोंगर वादळच दिसेल.

समुद्रावर गोष्ट वेगळी. पाणी तापते. त्यावरची ओली, ऊन हवा वर चढते. तिथला दाब आजूबाजूच्यापेक्षा उतरतो. मग चारी बाजूंची हवा तिकडे धावते. पृथ्वी फिरते आहे, म्हणून ती सरळ न जाता वळत जाते आणि भोवरा तयार होतो. फरक किती लागतो? 3 जून 2020 रोजी 'निसर्ग' नावाचे चक्रीवादळ श्रीवर्धनजवळ किनाऱ्यावर आले. सुपारीच्या आणि नारळाच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे उडाली. त्याच्या मध्यभागी दाब सुमारे 984 होता. आसपासच्या दाबापेक्षा तो वीसेक मिलिबारच कमी. पंक्चरवाल्याच्या हिशेबात हा फरक पॉइंटाच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. त्याचा काटा हलणारही नाही! पण चाकातली हवा घमेलेभर असते. वादळाची हवा शेकडो किलोमीटर रुंद आणि कित्येक किलोमीटर उंच असते. एका चौरस मीटरला हाच फरक दोन क्विंटल होतो. एवढी हवा धावू लागली की पोफळी मोडतात.

तेव्हा पंक्चरवाल्याचा 'कमी दाब' म्हणजे दोन मिनिटांचे काम आणि थोडे पैसे. रेडिओचा 'कमी दाब' हा हवेला धावण्याचे निमंत्रण आहे. तो जितका आणखी कमी, तितके वारे जास्त. 'तीव्र झाला' म्हणजे दाब वाढला नाही, उलट आणखी उतरला. आमच्या मते बातमी देणाऱ्यांनी नुसते 'कमी दाब' न म्हणता 'वारे वाढणार' असे लगेच पुढे म्हणावे. पण ते म्हणत नाहीत, तोवर आपणच अर्थ लावायचा.

प्रत्येक कमी दाबाला भ्यावे असेही नाही. पावसाळ्यात बंगालच्या उपसागरावरून कमी दाबाची क्षेत्रे येतात, म्हणून तर विदर्भ-मराठवाड्यातली पिके तगतात. वाऱ्याच्या वेगावरून त्यांची नावे बदलतात. ताशी 31 किलोमीटरपर्यंत कमी दाबाचे क्षेत्र. 31 ते 49 पर्यंत अवदाब. 50 ते 61 तीव्र अवदाब. 62 च्या पुढे चक्रीवादळ. शेतकऱ्याने पहिले नाव ऐकून पेरणीचा विचार करावा, कोळ्याने दुसऱ्या नावालाच होडी किनाऱ्याला लावावी.

नावे वेळीच समजली तर काय होते, तेही ओडिशातच दिसले. 12 ऑक्टोबर 2013 रोजी 'फायलिन' नावाचे फार मोठे चक्रीवादळ गोपालपूरजवळ आले. या वेळी लाखो माणसांना आधीच पक्क्या इमारतींत हलवले होते. घरे पडली, पिके गेली. पण मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला.

आता ही बातमी वाचा. ही आम्ही सरावासाठी तयार केली आहे.

'अरबी समुद्रातील अवदाब तीव्र झाला आहे. त्याच्या केंद्रातील दाब काल 1000 मिलिबार होता, आज 996 आहे. उद्या तो 988 पर्यंत उतरण्याचा संभव आहे. मच्छीमारांनी समुद्रात जाऊ नये.'

आकडे 1000, 996, 988 असे उतरत आहेत. आज चारने, उद्या आठने. उतार दुप्पट झाला, म्हणजे वाऱ्याचा जोर चढतो आहे. 'अवदाब' हे नाव उद्यापर्यंत बदलून 'चक्रीवादळ' होईल. ही बातमी सकाळी ऐकली असेल तर होड्या दुपारच्या आत वाळूवर ओढून बांधायच्या, छपरावरच्या सैल पत्र्यांवर वजन ठेवायचे, आणि संध्याकाळी पुढचा आकडा ऐकायला रेडिओजवळ बसायचे.